फौजदाराचं पोट आणि सूतरावांची कार्डं

सूतरावांचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. पहिली पाळी सातची, कारखाना सायकलवर वीस मिनिटांवर. तरीही पावणेपाच. कारण पाचला फौजदाराला बाहेर न्यायचं, त्याने काय केलं ते बॅटरीच्या उजेडात बघायचं आणि कार्डावर लिहायचं.

फौजदार म्हणजे त्यांचा कुत्रा. तरुणपणी गल्लीतली एकही सायकल चौकशीशिवाय सोडायचा नाही, म्हणून हे नाव. आता तेरावं वर्ष चालू होतं.

सूतराव हे नाव आम्ही कारखान्यातल्यांनी दिलेलं. ते लेथवर टर्नर, आणि शेजारच्या मशीनवर मी, बावीस वर्षं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या कामात एवढी मोठी चूक झाली तर माल थेट भंगारात. पण त्यांच्या तोंडी कायम तेच, "एक सूत इकडेतिकडे चालणार नाही." चहातल्या साखरेलाही तोच नियम. कुत्र्याशी मात्र त्यांचं सूत पहिल्या दिवशीच जमलं होतं.

त्या वर्षी फौजदाराचं पोट बिघडलं ते बिघडलंच. आठवड्यातून दोन-तीनदा उलटी, नाहीतर पातळ शी. एकोणीस किलोंचा कुत्रा साडेसोळावर आला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, शी तपासली, सोनोग्राफी केली. मोठा आजार सापडला नाही.

"वय झालंय. आतडं थकलंय," त्या म्हणाल्या. "दिवसातून तीनदा थोडं थोडं द्या. एकच खाणं, बदल नाही. घरात कुणी काही भरवतं का? बाहेरचं काही चाटतो का?"

"एक सूतही नाही," सूतराव म्हणाले.

"मग वजनावर लक्ष ठेवा. पंधराच्या खाली गेलं तर औषधाला धरायला अंगात काही उरणार नाही."

पंधरा हा आकडा सूतरावांनी डोक्यात कोरून घेतला. पुढे जे काही केलं ते त्या आकड्यासाठी.

त्यांनी वजनकाटा आणला. उकडलेलं बिनचरबीचं चिकन आणि मऊ भात, ग्रॅमवर तोलून. कारखान्यात प्रत्येक कामाबरोबर एक कार्ड येतं. रद्द झालेल्या कार्डांची पाठ कोरी असते. ती गोळा करून त्यांनी नोंदी सुरू केल्या. संध्याकाळी घरी आल्यावर नवं कार्ड उघडायचं, दुसऱ्या सकाळी शी बघून बंद करायचं. घट्ट असेल तर 'पास', मऊ असेल तर 'रीवर्क', पातळ किंवा उलटी म्हणजे 'रिजेक्ट'.

हे वाचायला सोपं आहे. पहिला आठवडा कुणीही तोलतो. सूतरावांनी चार महिने एक वेळ चुकवली नाही.

रिजेक्ट तरी येतच राहिले. मग संशय घरावर गेला. त्यांची आई ऐंशीची, चहाबरोबर बिस्किट खायची आणि शेवटचा तुकडा फौजदाराला द्यायची. सूतरावांनी बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"मला वाढताना कधी काटा काढला नाहीस तो," आई म्हणाली.

"आई, त्याचं पोट बिघडतंय."

"माझ्या तुकड्याने? तेरा वर्षं खातोय तो."

बायको मध्ये पडली. "अहो, सुतावरून स्वर्ग गाठू नका. त्यांना उगाच कशाला बोलता?"

ते ऐकले नाहीत. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. रिजेक्ट थांबले नाहीत. वजन पंधरा किलो सहाशे.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चार महिन्यांची कार्डं बाकावर मांडली. साप्ताहिक सुट्टीची सगळी पास. मध्ये सहा दिवस त्यांचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं आणि त्यांना गोदामात मोजणीला बसवलं होतं. तीही सगळी पास.

"मी कामावर गेलो की झुरतो बहुतेक," ते म्हणाले.

"गोदामात होतात तेव्हा तो काय तुम्हाला खिडकीतून बघत होता?" मी म्हणालो. त्यांनी कार्डं गोळा केली.

त्याच दिवशी पाळी सुटल्यावर माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं आणि मध्ये फौजदार असे दवाखान्यात गेलो. सूतरावांनी कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाई एकेक उलटू लागल्या. मध्येच थांबल्या आणि एक कार्ड नाकाशी नेलं.

"हा कसला डाग?"

कार्डाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळट ठसा होता. त्यांनी कार्डांचे दोन ढीग केले, डागाचे आणि बिनडागाचे. डागाच्या प्रत्येक कार्डावर रिजेक्ट नव्हतं. पण जिथे रिजेक्ट होतं तिथे डाग होताच.

"हात धुता ना?"

"धुतो की. साबण लावून."

"हाताचा वास घ्या बघू."

त्यांनी घेतला. "काही नाही."

मीही घेतला. मलाही काही नाही. लोखंड कापताना त्यावर दुधासारखं तेलपाणी सोडतात. पाळीभर हात त्यातच असतात. आम्ही चिंधीला पुसायचो, साबणाचा एक हात मारायचो आणि धुतले म्हणायचो. तो वास आमच्या नाकांना कधीच येईनासा झाला होता. फौजदाराला येत होता. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो सूतरावांचा तळहात मन लावून चाटत होता.

रोज साडेतीनला पाळी सुटली की सूतराव दारात बसायचे आणि तो आधी दोन्ही हात, मग पँटचे पाय, मग बूट चाटायचा. तेरा वर्षं. तरुण पोटाने ते सोसलं, म्हाताऱ्या पोटाला झेपेना. सूतरावांच्या लेखी ते चाटणं नव्हतंच, तो त्याचा रामराम होता. चार महिने अक्षरं काढणारा माणूस शेवटी अंगठेबहाद्दर ठरला.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. लपवलं काही नाही.

बायको म्हणाली, "चोराच्या उलट्या बोंबा, आणि फौजदाराच्या नुसत्याच उलट्या."

त्यांनी कुलूप काढून डबा आईसमोर ठेवला. "चुकलो, आई. पण बिस्किट त्याला नकोच."

"त्याला कोण देतंय? मी खाते," आई म्हणाली. आणि तिने चहा मागितला, त्यांच्याच हातचा.

दुसऱ्या दिवसापासून सूतराव कारखान्यातच कपडे बदलू लागले. घरी आल्यावर आंघोळ, मग रामराम. तीन महिन्यांत वजन सतरा किलो दोनशे.

पोट अगदी तरुण झालं असं नाही. महिन्या-दीड महिन्यातून एखादा रिजेक्ट येतोच. सूतराव घाबरत नाहीत. त्या दिवशी खाणं निम्मं, पाणी थोडं थोडं, औषध डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं तेवढंच. पाणीही टिकलं नाही किंवा शी काळी दिसली तर थेट दवाखाना. खाण्यात काही बदलायचं असेल तर दहा दिवस घेऊन, चमच्या-चमच्याने. "हे दुखणं जात नाही. सांभाळावं लागतं," ते म्हणतात. मशीनही तसंच असतं. झिजलेलं मशीन जपणाऱ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं चालतं.

अडचण एकच उरली. न्हाणीघर घराच्या मागच्या टोकाला. तिथे पोचेपर्यंत फौजदार पायात घुटमळायचा आणि हात नाहीतर कामाच्या कपड्यांची पिशवी गाठायचाच. म्हणून सूतरावांनी चार महिने ओव्हरटाइम केला, दर आठवड्याला दोन जास्तीच्या पाळ्या, सत्तावन्नाव्या वर्षी.

त्या पैशातून दाराबाहेर बेसिन बसलं. गरम पाण्याचा नळ, खाली कामाचे कपडे टाकायला झाकणाची पेटी. नळवाल्याने बेसिन किंचित तिरकं बसवलं होतं.

"एका सुताने काय होतंय, काका?" तो म्हणाला.

सूतरावांनी ते काढून परत बसवून घेतलं. आता ते तिथे कोपरापर्यंत हात धुतात, आणि पाणी बंद होईपर्यंत फौजदार उंबऱ्याच्या आत बसून राहतो.