सोयाबीनच्या खोलीतला आवाज

आमच्या घरात पहिली पदवी माझी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. भूत नसतं, हे मी शाळेत शिकवते आणि मानतेही. तरी मे महिन्यातल्या त्या दुपारी मागच्या खोलीतून तो आवाज आला, तेव्हा माझ्या हातातलं ताट निसटलं.

त्या खोलीत आम्ही बियाण्याच्या सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, रचतो. आवाज कट्ट्यांच्या पल्याडून येत होता. जाड, ओला, जमिनीच्या पोटातून निघाल्यासारखा. माणसाचा वाटेना आणि जनावराचाही नाही, कारण जनावर मधे दम घेतं. जऊळक्याच्या स्टेशनातून मालगाडी धडधडत गेली, तरी तिच्या खालून तो ऐकू येतच होता.

मी दार ढकललं. अंधारात माझा धाकटा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. पुण्याला कंपनीत असतो, सुट्टीवर आलेला.

"ताई, रियाज करून राह्यलो," तो वळून म्हणाला. त्याच्या नेहमीच्या बारीक आवाजात, घाम नाही, धाप नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पुण्यात चार मित्रांचा त्यांचा बँड आहे. मेटल म्हणतात त्या संगीताला. त्यानं मोबाईलवर ऐकवलं. दोन मिनिटांत मी कानावर हात ठेवले.

"याले गाणं म्हणते का कोणी?"

"तुले आवडलंच पाह्यजे असं मी कुठं म्हणलं?"

शेजारच्या काकूंनी तर कुंपणावरूनच विचारलं, "काय व मास्तरीणबाई, घरात रेडा बांधला का?"

"रेडा नाही काकू, इंजिनिअर हाय."

"मंग लिंबू उतरव त्याच्यावरून."

"आमच्याकडे तसलं करत नाहीत."

"म्हून तं शिरलं न घरात! तिकडून हाक आली तं ओ देऊ नोको, सांगून ठेवतो."

मी हसले. पण त्या दिवशी मागच्या खोलीतली धान्य मापायची पायली आणायला गेले नाही.

आमच्या बाबांना आवाज नाही. बोलतात ते फुसफुस, वाळल्या पानांवरून काही सरपटावं तसं. नवा माणूस ऐकून एक पाऊल मागं जातो. लांबून बोलवायचं असलं की ते टाळी वाजवतात. एकेकाळी हेच बाबा गायन पार्टीत मुख्य गायक होते. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, घरी दिसायचे नाहीत. एका वर्षी गावोगाव भोंगे बंद पडत गेले आणि बाबा उघड्या गळ्यानं गात राहिले. गूळ खाल्ला, गरम पाणी प्यायले, पुन्हा गायले. शेवटी थुंकीत रक्त आलं. अकोल्याला ऑपरेशन झालं. गाठी निघाल्या, आवाजही निघून गेला. त्याला बारा वर्षं झाली.

त्या संध्याकाळी बाबांनी भावाला समोर बसवलं. "बंद कर."

"बाबा, शनवारी कार्यक्रम हाय."

"माह्या गळ्याचं काय झालं, पाह्यलं न तू? तुले बी असंच फुसफुस करत जगाचं हाय का? गाशील तं या घरी येऊ नोको."

एवढी मोठी गोष्ट कुजबुजीत. मी बाबांच्या बाजूनं बोलले. खरं सांगायचं तर गळ्याची काळजी नंतरची, मला तो आवाजच घरात नको होता. भाऊ जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाबांना हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेला. मी दारात थांबले. त्यानं बाबांचा एक तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला, दुसरा पोटावर.

"हात काढू नोका. मंग सांगा."

आणि तो आवाज निघाला. बाबांनी डोळे मिटले होते.

"पुन्हा," बाबा म्हणाले. मग, "हळू कर." मग, "आता लांबव." असं चार-पाच वेळा. पेटी विकत घेताना भाता तपासायचे, तसा चेहरा करून.

"गळा मोकळा हाय," शेवटी ते म्हणाले. "सारा जोर पोटात. किती दिवस लागले?"

"चार वर्षं. पह्यलं वर्ष नुसता श्वास."

बाबांचे हात अजून तिथंच होते.

"मले श्वास कोणी शिकवलाच नाही," ते म्हणाले. "तुहं गाणं मले नाही आवडलं. पण काम पक्कं हाय. जाय, गा."

मलाही ते गाणं आवडलेलं नाही, आजही नाही. पण चार वर्षं काय असतात हे मला कळतं. मीही नापास होत, पुन्हा बसत डिग्री घेतलेली बाई आहे.

शुक्रवारी तो गाडीनं गेला. सोमवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि कट्ट्यांच्या पल्याडून तोच आवाज आला. तुटका, अडखळत, पायऱ्या चढत आल्यासारखा. सकाळीच भाऊ पुण्याहून फोनवर बोलला होता. कुंपणापलीकडे काकूंचं धुणं आपटणं थांबलं. मी टाळीची वाट पाहिली. टाळी वाजलीच नाही.

आवाज थांबला. मग त्यानं मला हाक मारली.

"बाई."

मला घरात बाई म्हणणारा एकच माणूस आहे, आणि त्याची हाक मी बारा वर्षांत ऐकली नव्हती.

काकू कुंपणावरून हातानं नको नको करत होत्या. मी ओ दिली.