धक्काकाकांची गाडी आणि काकूंचं जातं

“जातं उतरव. आधी ते जातं उतरव म्हणतो ना,” गाडीखालून धक्काकाका ओरडत होते. त्यांचे फक्त बूट दिसत होते. आत, गाडीतल्याच पलंगावर आडव्या पडलेल्या काकू शांतपणे म्हणाल्या, “जातं उतरलं तर मीही उतरते.” मधे मी, पोटाशी जात्याचा वरचा दगड धरून उभा.

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये धक्काकाकांना न ओळखणारा मराठी माणूस म्हणजे कालच विमानातून उतरलेला. जन्म ट्रकच्या स्प्रिंगा डिझाइन करण्यात गेला. रिटायर झाल्यावर त्यांना गावातला एकेक खड्डा भाच्यांच्या नावांसारखा पाठ होता. पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, कुणी नवा भेटला, की नाव नंतर, आधी “वजन किती तुझं?” मी नागपूरचा, रस्सा-मटणावर पोसलेला. मला कायम मागच्या चाकावर बसवत. “तू आहेस म्हणून गाडी जमिनीवर आहे,” म्हणायचे.

ही गाडी मात्र चेष्टेची नव्हती. काकूंच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं; बसवत नव्हतं आणि धक्का लागला की डोळ्यांपुढे काजवे. तिकडे ओहायोत, डब्लिनला, लेकीचं पहिलं बाळंतपण हिवाळा सरता सरता होणार होतं. जावई फोनवर म्हणाला, “आई, रिस्क नको, आम्ही मॅनेज करू.” काकूंनी फोन काकांच्या हातात दिला. काका म्हणाले, “झोपवून आणतो,” आणि फोन ठेवला.

मग एक जुनी डिलिव्हरी व्हॅन आली. काकांनी ती मागून पार सोलली, आत पलंग ठोकला, खाली मऊ स्प्रिंगा घातल्या. त्यांचं एकच पालुपद: “खड्ड्यात चाकाला वर यायला जागा पाहिजे. जागा संपली की धक्का सरळ हिच्या पाठीत.” ती जागा मोजण्यात अख्खा हिवाळा गेला. परीक्षा एकच: पलंगावर ताकाची काठोकाठ वाटी ठेवायची आणि गाडी रेल्वेच्या रुळांवरून न्यायची. सुरुवातीला इतकं ताक सांडलं, की पलीकडच्या गल्लीतली मांजरं आमच्या मागे लागली. ज्या दिवशी थेंब सांडला नाही, त्या दिवशी ते ताक आम्हाला तीर्थासारखं मिळालं.

पण सगळं मोजमाप झालं होतं ते पलंग आणि काकू एवढ्याच वजनावर. मराठी आई लेकीच्या बाळंतपणाला रिकाम्या हाताने जात नाही, हे एवढा मोठा इंजिनिअर विसरला. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी सामान काढलं: डिंकाच्या लाडवांचे डबे, तांदळाची पोती, दोन कुकर, पाळणा आणि साताऱ्याहून आणलेलं जातं. नाचणी त्यावरच दळायची होती. गाडी मागून म्हशीसारखी बसली. चाकाला वर यायला बोटभरही जागा उरली नाही.

काका गाडीखालून बाहेर आले. जात्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. काकूंनी कूस बदलली. “ठेव रे ते परत,” ते मला म्हणाले, “आता सामानासकट मोजू.” आणि पुन्हा खाली गेले. संध्याकाळचं जेवण आम्ही ताट सरकवून दिलं, सकाळचा चहा नळीने. स्प्रिंगांच्या बैठका बदलून, वजनासकट गाडी उचलूनच ते बाहेर आले. त्यानंतर ती गाडी रिकामी असली, की शिंगं रोखलेल्या बैलासारखी मागून उभी राहायची.

काका आता नाहीत. ते गेल्यावर त्यांच्याबद्दल पुष्कळ जण पुष्कळ बरं बोलले. पण त्यांना मिळालेलं खरं सर्टिफिकेट मी स्वतः ऐकलं आहे, डब्लिनला, लेकीच्या दारात. वजन म्हणून मीही बरोबर होतोच. अख्ख्या इंडियानाचे खड्डे ओलांडून गाडी थांबली. जावयाने मागचं दार उघडलं आणि भीत भीत विचारलं, “आई, प्रवास कसा झाला?” काका चाकाशी वाकून टायर तपासू लागले. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

काकू जांभई देत म्हणाल्या, “मला काय माहीत? झोप लागली होती.”