चिंचेनं घासलेली घागर

गेल्या वर्षी मी तैलरंगात एक स्टिल लाईफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, करायला घेतलं. राहात्यातलं आमचं घर, मागच्या खोलीतली खिडकी, तिथल्या उजेडात आईची तांब्याची घागर आणि शेजारी दोन पेरू. पेरू दोन दिवसांत मऊ पडायचे. ते आई खाऊन टाकायची, मी नवे ठेवायचो. घागरीला मात्र हात लावायचा नाही, असं तिला बजावलं होतं. घागरीवर काय सुरेख काळे-हिरवे डाग चढले होते! ते हुबेहूब उतरवण्यात माझे तीन आठवडे गेले. मी शाळेत चित्रकला शिकवतो. पोरांना सारखं सांगत असतो, मनचं काही काढू नका, समोर दिसतं तेवढंच काढा.

नगरच्या प्रदर्शनात चित्र द्यायला चार दिवस उरले होते आणि थोडे डाग अजून काढायचे बाकी होते. शाळेतून घरी आलो, तर खिडकीत घागर लखलखत होती. आईनं चिंच-मीठ लावून घासली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, काय केलंस हे? सगळं वाटोळं केलंस!"

तिला काही समजेना. "आरं, तूच म्हनलास ना, नगरला लई मानसं बघायला येनार हायेत? काळी घागर बघून काय म्हनतील? या घरात बाई न्हाई का, म्हनतील."

कॅनव्हासवर काळी घागर, समोर चकचकीत. डाग आठवून पुरे करावेत, तर पोरांना कुठल्या तोंडानं शिकवू? खरवडून नव्यानं रंगवावी, तर चार दिवसांत तैलरंग वाळतोय कशाला! त्यात चूक नक्की कोणाची, तेही कळेना. शेवटी चिडूनच विचारलं, "इतके दिवस काळी चालली ना? मग आजच कशी घासावीशी वाटली?"

"चालली कुठं? दिवाळीपासनं मनगटच वळत न्हाई माझं. घासाया घेतलं की कळ येती. आज दुपार गेली त्या एका घागरीत."

मी तिच्या हाताकडे बघितलं. उजवं मनगट टम्म सुजलं होतं. मला भयंकर लाज वाटली. तीन आठवडे मी त्या डागांकडे डोळे फाडून बघत होतो, पण आईच्या घरात घागर काळी पडलीच कशी, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

तिनं हात पदराखाली घेतला.

"आता चमकती तवर काढून घे," ती म्हणाली. "परत न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."