नंदू 'येतो' म्हणाला तेव्हा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जायचो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस मी... बिघाड आहे म्हणजे कारण असणारच, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय. पटलं तर घ्या.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. माझी थोरली बहीण — अक्का — बेंगळुरूला बनशंकरीत राहायची. तिचा एकुलता एक नंदू पीण्या भागातल्या एका कारखान्यात कामाला होता. एका सकाळी घरच्या कॉम्प्युटरला नवा माइक जोडून गंमत म्हणून तो बोलला, "आई, स्वल्प जेवून घे ग. मी जातो." रेकॉर्डिंग तिथंच संपलं. अक्का आतून ओरडली, "मेल्या, जातो काय? येतो म्हणावं!" हसत हसत पोरानं स्कूटरला किक मारली. यशवंतपूरजवळ लॉरीनं उडवलं त्याला.

पुढं अक्का रोज तेवढंच ऐकायची. 'जातो' आलं की पदर डोळ्याला. "थांबवून वदवून घ्यायला हवं होतं रे मी," एवढंच म्हणायची.

मग भावोजींनी प्रिंटरचं सॉफ्टवेअर घालायला कुणाकडून तरी डी ड्राइव्ह करून घेतला. त्या शहाण्यानं डिस्कवर आधीचा सी ड्राइव्ह संपायच्या आतच डी सुरू केला! एकच साइट, म्हणजे घराचा प्लॉट, दोघांना विकावी, तसं. नंदूची फाइल होती सीच्या अगदी टोकाला. ती उघडेना. अक्कानं अन्नपाणी सोडलं.

मी आधी अख्ख्या डिस्कची कॉपी काढली. डीवरचं सगळं बाहेर नेलं, मग पार्टिशन टेबलमध्ये, म्हणजे डिस्कच्या वाटणीच्या नोंदीत, डीची सुरुवात सीच्या पुढं सरकवली. बाकी सगळं शाबूत मिळालं. पण नंदूच्या फाइलचा शेवटचा तुकडा दोघांच्या सामाईक जागेत होता आणि तिथं प्रिंटरचा मजकूर बसलेला मी स्वतः पाहिला. म्हटलं, "अक्का, शेवटी नुसती खरखर येईल हं..."

"सरी, चालेल. लाव तू."

लावलं. "आई, स्वल्प जेवून घे ग. मी..." आणि मग अगदी स्वच्छ — "येतो."

भावोजींनीही ऐकलं. परत लावलं, तर शेवटी खरखर. त्यानंतर कितीदा लावलं, खरखरच. काढलेल्या कॉपीतही तेच! तिघांनी एकदम चुकीचं ऐकलं म्हणावं, तर अक्काचं ठीक आहे हो, पण मी?

त्या दिवशी अक्का पोटभर जेवली. मला केवढं बरं वाटलं! पण संध्याकाळी भावोजी दाराला कडी घालायला गेले, तर तिनं हात धरला. "राहू दे. येतो म्हणालाय तो."

ती जाईपर्यंत त्या घराला संध्याकाळची कडी लागली नाही. रडणं थांबलं होतं तिचं, पण ते वाट बघणं... त्यापेक्षा रडणं परवडलं असतं. हे कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. ती डिस्क माझ्या कपाटात आहे. कधी हातात घेतली की नंदूचा भयंकर राग येतो. म्हणालास ना रे येतो? मग यायचं होतंस की!