दादाचं नाक आणि शेजारची खोली

माझा मावसभाऊ साबणाच्या कारखान्यात वास घेतो. विनोद नाही, त्याचा पगारच त्यासाठी आहे. यंत्रातून निघालेली प्रत्येक बॅच आधी त्याच्या नाकाखालून जाते. त्याने होकार दिला तरच ती बाजाराचं तोंड बघते. या नाकापायी त्याने बारा वर्षांत लसूण सोडला, अत्तर सोडलं आणि अत्तर लावणाऱ्या एका चांगल्या मुलीला मावशीकरवी नकार कळवला. दुसरं कुठलंही काम त्याला येत नाही. नाक गेलं की नोकरी गेली, हे तो स्वतःच येता-जाता ऐकवतो.

तर असा हा माणूस दोन खोल्यांच्या घरात कुणाबरोबर राहतो? गांजा ओढणाऱ्या चित्रकाराबरोबर. चित्रकार घरी बसून जाहिरातींची चित्रं काढतो. त्याच्या खोलीचं दार उघडलं की आधी धूर बाहेर येतो आणि मग सावकाश तो स्वतः.

दादाला पहिल्याच दिवशी वास कळला होता. मी म्हटलं, "मग बोल ना त्याला."

"बोलेन गं. वेळ बघून बोलेन."

आमच्या दादाला वेळ कधी सापडत नाही. कुणाला तोंडावर काही सांगायचं म्हटलं की तो विषयच बदलतो. हॉटेलातलं खारट जेवणसुद्धा तो 'छान आहे' म्हणत संपवतो आणि वर पाण्याचे चार ग्लास पितो. त्यामुळे त्याने आडून आडून उपाय सुरू केले. ऐन थंडीत पंखा लावला. फुफ्फुसाच्या आजारांची पुस्तिका टेबलावर ठेवली. चित्रकाराने तिच्यावर चहाचा कप ठेवला. मग दादा त्याच्या दाराशी उभा राहून मुद्दाम खोकायला लागला. चित्रकाराने बिचाऱ्याने धावत जाऊन खोकल्याचं औषध आणून दिलं. दादाने ते दोन आठवडे घेतलं.

"मीच येते आणि त्याची खरडपट्टी काढते," मी चिडून म्हटलं.

"नको, त्याला वाईट वाटेल."

अशी दोन वर्षं गेली. हळूहळू दादाची तक्रार बंद झाली. मला वाटलं, सुटला एकदाचा प्रश्न. प्रत्यक्षात झालं होतं ते असं की दादाला तो वास येईनासाच झाला होता. माणूस चोवीस तास ज्या वासात राहतो, तो वास नाकाच्या हिशेबी उरत नाही. हे दादाच नव्या लोकांना शिकवतो!

आता त्याच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. साबणाची एक नमुन्याची वडी असते. नव्या बॅचचा वास तिच्याशी ताडून बघायचा असतो. एकदा कारखान्यात कुणीतरी नेमक्या त्याच वडीने हात धुतले. तेव्हापासून दादा ती सुती कापडात गुंडाळून रोज घरी आणायचा आणि स्वेटरांच्या घडीत ठेवायचा. ते कपाट चित्रकाराच्या भिंतीला लागून होतं.

गेल्या महिन्यात दादाने एकापाठोपाठ एक तीन बॅचेस नापास केल्या. "सुगंध ओकाबोका वाटतो," तो सांगत राहिला. "नमुना कसा अगदी घरचा वाटतो." रसायनवाल्या बाईंनी दोनदा मिश्रण बदललं, मग वैतागून सरळ मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर नमुन्याची वडी नाकाला लावली. पुन्हा लावली.

"हा साबण आहे की कॉलेजचं वसतिगृह?" साहेब म्हणाले. "ही वडी असते कुठे?"

दादाने खाली मान घालून सांगितलं, "घरी. माझा रूममेट गांजा ओढतो." जो शब्द दोन वर्षांत एका माणसासमोर उच्चारता आला नाही, तो त्याने नऊ जणांसमोर उच्चारला. सोमवारपासून त्याला खोकी बांधायच्या विभागात पाठवलं. तिथे नाक लागत नाही, चिकटपट्टी लागते.

त्या संध्याकाळी दादाने शेवटी चित्रकाराचं दार वाजवलं. हे त्यानेच मला नंतर फोनवर सांगितलं. एका दमात तो म्हणाला, "घरात ओढू नकोस. मला त्रास होतो."

"मग? काय म्हणाला तो? भांडला?" मी विचारलं. माझी तर तिथे जाऊन त्याची गचांडी धरायची तयारी होती.

"नाही गं. म्हणाला, 'अरे, मग आधी सांगायचंस ना. गच्चीवर गेलो असतो.'"

आणि बेचाळीस वर्षांचा माझा भाऊ फोनवर हुंदके देऊन रडायला लागला.