चाललंय, तू हो पुढे

मारिव्होनचं अर्धं आयुष्य तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, वेचण्यात गेलं. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र दिसेनासा होतो, तेव्हा ती आणि तिचा नवरा गेनाएल दाताळी घेऊन ओल्या वाळूत उतरायचे. भित्री म्हणून गावभर तिची थट्टा व्हायची. भरती सुरू व्हायच्या आधीच ती नवऱ्यामागे "चल, निघू या"चा धोशा लावी. बायका म्हणत, हिला बादलीतल्या पाण्याचीही धास्ती. म्हणेनात का! याच वाळूत भरतीत सापडून तिचा बाप गेला होता, थट्टा करणाऱ्यांचा नव्हे.

त्या मुलखात माणूस भेटला की पहिला प्रश्न, "सा व्हा?" म्हणजे, काय, चाललंय ना? उत्तरही ठरलेलं: चाललंय. दाढ ठणकू दे, धंदा बुडू दे, चाललंयच. 'नाही' म्हटलं तर समोरचा बिचारा अडचणीत पडायचा. गेनाएल यात सगळ्यांचा गुरू. पोट फाडायला आत नेत होते, तेव्हा डॉक्टरांनाही त्याने तेच सांगितलं होतं.

मार्चमधल्या एका दुपारी धुकं असं उतरलं की हातातल्या दाताळ्याचं टोक दिसेना. तिसऱ्यांची पोती लादलेली घसरफळी ओढत मारिव्होन चर्चच्या घंटेच्या रोखाने निघाली. गेनाएल मागून येत होता. मधूनमधून ती ओरडून विचारी, "चाललंय ना?"

"चाललंय. तू हो पुढे."

एकदोनदा तिला धीर आला. मग आवाज बारीक होत गेला. ती थांबली. ती थांबली म्हणजे तो जवळ यायला हवा होता. तिने पुन्हा विचारलं, जरा वेळाने पुन्हा. उत्तर तेच, आणि तितक्याच लांबून. तो चालतच नव्हता. डावीकडच्या ओहळात भरतीचं पाणी खळखळू लागलं होतं.

खोटं कशाला सांगू, तिचे पाय आधी किनाऱ्याकडेच वळले. जीव कुणाला नको असतो? मग ती रडत, बापाचं नाव घेत, फळीसकट मागे फिरली.

गेनाएल मांड्यांपर्यंत रुतला होता. चेहरा पिठासारखा पांढरा. तिला पाहून आनंद व्हायचा सोडून तो खेकसला, "कशाला आलीस? जा तू."

"गप्प बस. आडवा हो."

तिने पोती ढकलून दिली, फळी त्याच्या छातीखाली सारली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागली. उपसावी तेवढी परत भरे. शेवटी भरतीचं पाणीच आलं आणि त्याने वाळू सैल केली. एक पाय निघाला, मग दुसरा. बूट आतच राहिले. एकच दाताळं दोघांनी धरून कमरेएवढ्या पाण्यातून ओहळ ओलांडला.

बांधावर चढल्यावर तिचे दात वाजू लागले. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "हाक मारायला काय झालं होतं तुला?"

तो आपल्या निळ्या पडलेल्या पावलांकडे बघत राहिला. "हाक मारली असती तर तू परत आली असतीस."

ती खाली बसली आणि त्याची पावलं हातांनी चोळू लागली.

"तुझ्या 'चाललंय'वर विसंबून मी घरी जाऊन सूप तापवलं असतं, गेनाएल," ती म्हणाली. "दोन वाडगे मांडले असते."