विंगेकडे वळलेला राजा

प्रॉम्प्टरबाईंनी उभी हयात विंगेत काढली. मांडीवर संहिता घेऊन स्टुलावर बसायचं आणि अडलेल्या नटाला हलक्या आवाजात पुढचं वाक्य पुरवायचं. नाटक मंडळी बंद पडली तेव्हा रिकाम्या हातांना चैन पडेना, म्हणून त्यांनी लोकर धरली. बारीक खाचांच्या सुईने लोकरीचा पुंजका टोचत राहायचं. टोचता टोचता तो आवळत जातो, त्याला नाक फुटतं, मग हनुवटी, आणि दुपार कलेपर्यंत ढगातून विदूषक डोकं वर काढतो.

खोलीत अशी बरीच मंडळी जमली होती. खिडकीत विदूषक, कपाटावर कंजूष म्हातारा, शिवणयंत्रावर झुरणारी राजकन्या. ऊन सरकलं की त्यांच्या सावल्या भिंतीवरून हिंडत, आणि बाईंना वाटे, आता कोणीतरी बोलणार.

खोड एकच. सगळे चेहरे एका बाजूने जिवंत. समोरून पाहावं तर नुसती लोकर.

"ताई, तुझी माणसं नाण्यावरची आहेत," धाकटी बहीण म्हणायची.

"मी समोरून पाहिलंय कुठे त्यांना? समोरून तुम्ही पाहायचात, तिकीट काढून."

एके दिवशी म्हाताऱ्या राजाचं काम करणाऱ्या नटाची सून आली. सासरे आता घरातच असत. त्यांच्या वाढदिवसाला तिला त्यांचा राजा हवा होता.

"एक वाक्य कधी विसरलो नाही, असं रोज ऐकवतात आम्हाला," ती हसून म्हणाली.

बाईंनी राजासाठी लोकर निवडायला घेतली. मुकुट उतरवण्याच्या प्रवेशात राजा हटकून अडायचा. दुःख अनावर झाल्यासारखा विंगेकडे अर्धा वळायचा. प्रेक्षक डोळे पुसायचे, आणि त्याचा एक डोळा बाईंना विचारायचा, पुढे काय? हे दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

हातांनी नेमका तोच चेहरा केला. कललेली मान, वर गेलेली भुवई, किंचित उघडे ओठ.

"हा परीक्षेत काही आठवेनासं झालेल्या पोरासारखा दिसतोय," बहीण म्हणाली.

 बाई भुवई खाली आणायला गेल्या. पण टोचलेली लोकर माघारी येत नाही. चेहरा आक्रसत सुपारीएवढा झाला आणि राजा त्यातून निघून गेला. पुन्हा नवी लोकर घेतली. हात पुन्हा तिथेच गेले. हा द्यावा तर म्हाताऱ्याची झाकली मूठ उघडी पडणार, आणि तो सुपारीएवढा द्यायला मन धजेना. शेवटी वाक्य विसरलेला राजाच पिशवीत घालून त्या निघाल्या.

नट खिडकीशी बसले होते. त्यांनी बाहुला समोरून पाहिला, काही उमगेना. मग एका बाजूला वळवला आणि तसाच धरून ठेवला. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अडलाय हा," नट म्हणाले.

"कोण, बाबा?" सुनेने विचारलं.

"राजा. रोज अडायचा. या बाई होत्या म्हणून निभावलं."

सून बाईंकडे पाहत राहिली. नटांनी बाहुला तोंडाजवळ नेला आणि त्याच्या लोकरीच्या कानात अगदी हळू, विंगेतून सांगावं तसं, पुढचं वाक्य सांगितलं. दोन शब्द चुकले होते. बाईंनी ते चुकू दिले.